न बुडणारा जीवखडा

१

शेखरनं पाण्याकडे पाठ करून, स्मशानात उचललेला काकांचा जीवखडा खांद्यावरून मागं टाकला आणि वळून न पाहता तो काठावर आला. दहाव्याची रीत तशीच होती. त्यामुळे खडा बुडाला नाही हे त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

धरणाचं पाणी एप्रिलच्या उन्हात आटून खाली गेलं होतं. काठावर तीस-चाळीस माणसं उभी होती. मुठीएवढा तो गोटा आत गेला, डुबुक झालं आणि पुन्हा वर आला. लाटेबरोबर हलत हलत तो पिंपळगावच्या त्या माणसांकडे यायला लागला.

भावकीतले थोरले गुलाबराव पुढे झाले. "शालिग्रामभाऊ, काई इच्छा राह्यली असन तं सोडून द्या," ते पाण्याला म्हणाले. त्यांनी गोटा उचलला आणि पुन्हा लांब फेकला. गोटा पुन्हा वर आला. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी हात लावला नाही.

बायकांत बसलेल्या शालिग्रामभाऊंच्या पत्नी अंबूबाई उठल्या. "थे परत येऊन राह्यले," त्या हळूच म्हणाल्या. "मीच म्हनलं होतं, तिकडंच राहा. थे आयकून नाई राह्यले."

चिखलीहून सकाळच्या एसटीनं आलेल्या छाया मॅडम एका बाजूला उभ्या होत्या. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. शालिग्राम सर शाळेत विज्ञान शिकवत. शेतातल्या वांग्या-मेथीच्या वाफ्यांत सापडलेला प्रत्येक वेगळा दगड पिशवीत घालून ते ओळखून घ्यायला छायाताईंकडे आणत. अशी तीस वर्षं गेली होती.

साडी भिजू देत त्या पाण्यात उतरल्या आणि गोटा तळहातावर घेतला. हाताला वजनच लागेना. रंग राखाडी, अंगभर सुईच्या टोकाएवढी छिद्रं. एका अंगाला पांढऱ्या शिंपल्यांचे चिमुकले तुकडे चिकटलेले.

आपल्या जिल्ह्यात विहीर खणा, डोंगर फोडा, रस्ता उकरा, दगड एकच निघतो. काळा आणि जड. स्मशानातून उचललेला जीवखडाही काळाच असायला हवा होता.

छायाताईंनी गोटा उन्हाकडे फिरवला. हा दगड कोणता हे त्यांना ठाऊक होतं. असा दगड असतो हे शालिग्राम सरांना सांगणाऱ्याही त्याच होत्या.

२

घरी आल्यावर अंबूबाईंनी गोटा मागून घेतला आणि न्हाणीतल्या बादलीत सोडला. पाण्यात तो सावकाश फिरत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका न्हाणीकडे न पाहता पुढे जात.

"ताई, तुम्ही दगडाच्या मास्तरीण," अंबूबाई म्हणाल्या. "सांगा मले. हा काऊन नाई बुडत?"

"याला प्यूमिस म्हणतात. ज्वालामुखीतून फेस येतो, तो थिजला की असा दगड होतो. आत सगळी हवा. समुद्रात शेकडो कोस तरंगत जातो."

"मंग थो आपल्या स्मशानात कसा आला?"

"तेच शोधायचंय. स्मशानातला दगड कोणीतरी बदलला."

अंबूबाईंनी बादली जवळ ओढली. "मले दगडाचं काई नाई, ताई. मले एकच पाह्यजे. त्यायनं उडी मारली का थे पडले? येवढं मले कळलं पाह्यजे. नाईतं मी अशीच बसून राहीन या बादलीपाशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोताळ्याच्या राजकुमारनं सहल काढली होती. पोर्ट ब्लेअरपर्यंत विमान, तिथून पाच दिवस बोट. समुद्रात दूरवरची दोन ज्वालामुखीची बेटं, एक अजून धुमसणारं, दुसरं कधीचं थंड झालेलं. बेटांवर उतरायचं नाही. बोटीतूनच फिरून पक्षी, वटवाघळं, डॉल्फिन पाहायचे. सर तीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढत आले होते. खरा कधी पाहिला नव्हता. पुतण्या शेखर सोबत निघाला आणि शाळेतले जुने मित्र उत्तमरावही.

"निघायच्या दिवशी भांडन झालं. मी म्हनलं, घरात गोट्यायनं पाय ठेवाले जागा नाई, अन् तुमी आनखी गोटे पाह्याले चालले. जाच. तिकडंच राहा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दशम्यांचा डबा भरून देला, पन तोंडानं हे बोलली."

चौथ्या दिवशी सकाळी, थंड बेटाला फेरी मारताना सर बोटीवरून नाहीसे झाले. कोणी पाहिलं नाही. दोन दिवस शोध झाला, मग थांबला. बोटीच्या कागदांत उत्तमरावांचा जबाब होता की सर घरून निघाल्यापासून गप्प गप्प होते. त्यावरून पोलिसांनी उडी मारली असं लिहिलं आणि तेच गावातही पसरलं. देह मिळाला नव्हता. म्हणून बाराव्या दिवशी भावकीनं पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला.

"बॅग आली?" छायाताईंनी विचारलं.

"सगळं आलं. कपडे, चष्मा, गोळ्या. डबा तेवढा नाई आला. फिरकीच्या झाकनाचा, माह्या नावाचा. थो गेला असन समुद्रात त्यायच्यासंगं."

उठण्यापूर्वी छायाताईंनी जीवखड्याचं पांढरं फडकं मागून घेतलं. या भावकीत खडा फडक्यात बांधून गाडग्यात ठेवतात. गाडगं नदीकाठच्या बाभळीला टांगतात आणि दहा दिवस त्याला कोणी हात लावत नाही. गाठ आज गुलाबरावांनीच सोडली होती, पहिल्या दिवशी होती तशीच.

फडकं उन्हात धरलं तेव्हा मधोमध एक फिकट, कडक वलय दिसलं. छायाताईंनी बोट लावून जिभेला टेकवलं.

खारट लागलं.

३

फडक्यावर मीठ होतं. म्हणजे बांधला तेव्हा दगड समुद्राच्या पाण्यानं चिंब होता. छिद्रांत पाणी भरलेलं असल्यानं हातालाही जड लागला असणार. मग बाभळीवरच्या दहा दिवसांच्या उन्हानं तो कोरडा ठक्क केला. अदलाबदल बांधतानाच झाली होती, नंतर नाही.

पण सरांच्या बुडण्यात आणि खडा बांधण्यात बारा दिवसांचं अंतर होतं. वऱ्हाडातल्या उन्हात बारा दिवस दगड ओला राहिला कसा? कोणीतरी तो समुद्राच्या पाण्यातच ठेवून इथवर आणला होता. आणि त्या बोटीवरून येऊन स्मशानात हजर असलेली माणसं मोजून तीन होती: शेखर, राजकुमार आणि उत्तमराव.

शेखर अंगणात डोक्यावरच्या नव्या टोपीशी चाळा करत बसला होता. मुलगा नसल्यामुळे काकांची क्रिया त्यानंच केली होती.

"खडा तूच उचललास ना, शेखर?"

"हाव, मीच. काळाच होता. मंग माह्या खांद्यावर पान्याचं मडकं देलं फेऱ्या माराले. खडा कोनीतरी हातातून घेतला बांधाले. मले नाई दिसलं, डोळ्यात धूर गेल्ता." तो खाली पाहत म्हणाला, "सारे मलेच पाहून राह्यले, मॅडम. मनात म्हनत असतीन, यानंच ढकललं."

"तू कुठे होतास त्या वेळी?"

"पुढं. पिशवीत तोंड घालून, उलट्या करत. चार दिवस मी थेच केलं. मी काय बेट पाह्यलं न काय पक्षी. इचारा राजकुमारले, त्यानं तं व्हिडिओ काढला माहा."

राजकुमार मोटारीत एसी लावून बसला होता. छायाताईंना पाहून उतरला.

"मॅडम, आपल्या भागातून समुद्रावर पयली टूर मीच नेली," तो म्हणाला. "अन् आता मोताळ्याच्या बाजारात मले पाहून लोक बाजूले होतात."

मोबाइलवर त्यानं व्हिडिओ लावला. वेळ सकाळची सात वीस. बोटीचं टोक, त्याच्यापुढे पाण्यातून उसळणारे डॉल्फिन, कठड्याला टेकलेली दहा-बारा माणसं आणि कोपऱ्यात पिशवी धरलेला शेखर. मागून राजकुमारचा आवाज येत होता, 'शेखर बे, डॉल्फिन तरी पाय, पैसे वसूल कर.'

"सर दिसत नाहीत यात."

"सर मांगंच बसत. म्हनत, पुढं गर्दी असते, मांगं समुद्र असते." त्यानं मोबाइल खाली धरला. "पंधरा मिनिटानं नाश्त्याले बोलवाले गेलो तं कोनीच नव्हतं. नुसते बूट होते. जोडून ठेवलेले. म्हनून तं पोलिसायले वाटलं."

"उत्तमरावही यात दिसत नाहीत."

"थे माह्या मांगं असतीन. सात जनायनं माह्या मांगून फोटो काढले." त्यानं स्क्रीनवर बोट सरकवलं. "हा पाहा, उत्तम सरचाच हाय. सगळ्यायचे फोटो मी जमा केलते ना, त्यात सापडला. जगात फक्त त्याच बेटावर राह्यते म्हनतात हा धनेश. साऱ्या टूरमधी एकच बरोबर आला."

फोटो देखणा होता. तांबूस मानेचा, मोठ्या चोचीचा पक्षी पंख पसरून पाण्यावरून चाललेला, मागं बेटाचं हिरवं जंगल. त्याची वेळही सात वीसच होती.

छायाताईंनी फोटो मोठा केला. पक्ष्यावरून त्यांचं बोट खाली उतरलं आणि पाण्यापाशी थांबलं.

४

उत्तमराव ओसरीवर बसले होते. जेवण केव्हाच झालं होतं, पण पत्रावळ अजून त्यांच्या हातात होती. दीपमाला, म्हणजे शेखरची बायको, ती घ्यायला दोनदा येऊन गेली होती.

"सर, द्या ना ती पत्रावळ," छायाताई म्हणाल्या.

त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग एकेक बोट सोडवलं.

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"पुढे. सगळेच पुढे होतो. डॉल्फिन आले होते." शिक्षकाचं स्वच्छ मराठी, पण आवाज कोरडा. "शालिग्राम निघाल्यापासून गप्प होता. घरून काही बोलणं होऊन निघाला होता. मला जे दिसलं तेच मी जबाबात सांगितलं."

"तुम्ही चाळीस वर्षांचे मित्र."

"बेचाळीस." उजवी मूठ आपोआप मिटली. "मॅडम, तो दगड खरंच वर आला का हो दोन वेळा? मी काठावर थांबलोच नाही. पहिल्यांदा वर आला आणि मी निघालो."

"आला."

त्यांनी डोळे मिटले आणि डोकं मागच्या भिंतीला टेकवलं.

स्वयंपाकघरात दीपमाला भांड्यांचा ढीग घेऊन बसली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून दहा दिवस अख्ख्या आळीनं पिठलं, भाकरी, कण्या आणून दिल्या होत्या. आता ज्याचं भांडं त्याला परत जायचं होतं. छायाताईही खाली बसल्या. कोरलेली नावं वाचून त्या भांडी वेगळी करू लागल्या. वच्छलाबाईंची परात. पुष्पांजलीचा गंज. कोणा लग्नातली, तारखेसकट कोरलेली चार ताटं.

मग एक स्टीलचा डबा हाती आला, फिरकीच्या झाकणाचा. छायाताईंनी तो उजेडात फिरवला.

सौ. अंबूबाई शालिग्राम.

"दीपमाला, हा डबा या ढिगात कसा?"

"आता थो आपल्या घरचाच हाय. काकूच्या नावाचा." ती दुसरी भांडी पुसत म्हणाली. "जवसाची चटनी आली होती त्याच्यात, सहाव्या-सातव्याले. म्हने तुमचा डबा आमच्याकडं राह्यला होता, रिकामा कसा आनू?"

"कोण म्हणालं?"

दीपमालाचे हात थांबले. ओसरीकडे पाहून तिनं आवाज खाली आणला.

"आशाकाकू. उत्तम सरच्या."

छायाताईंनी झाकण उलटं केलं. चटणीचा वास होता. पण फिरकीच्या आट्यांत नखाएवढंही नाही असं पांढरं काहीतरी अडकलं होतं. हेअरपिननं काढलं तर शिंपलीचा तुकडा निघाला, पातळ आणि टोकदार. डब्याच्या आत अर्ध्या उंचीवर तांबूस ठिपक्यांची रांग गोल फिरली होती. स्टीलला असे डाग साध्या पाण्यानं पडत नाहीत.

५

दुपारच्या उन्हात अंगण रिकामं झालं तेव्हा छायाताईंनी अंबूबाईंना ओसरीवर आणून बसवलं आणि उत्तमरावांना निघू दिलं नाही. शेजारी शेखर होता. खांबाला टेकून आशाबाई उभ्या होत्या. आपल्याला कशाला थांबवलं हे त्यांना कळत नव्हतं. मधोमध बादली, तिच्यात तो गोटा आणि बाजूला डबा.

"आशाबाई, हा डबा तुम्हाला कुठे सापडला?"

"माळ्यावर, यायच्या बॅगेमांगं. धुतलेला होता. नाव पाह्यलं, मनात म्हनलं अंबूवैनीचा, कधीचा राह्यला असन. दुसऱ्याचा डबा रिकामा कसा देऊ, चटनी घातली." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "काऊन? काई चुकलं का माहं?"

"नाही. तुमचं काहीच चुकलं नाही." छायाताई सावकाश बोलत होत्या, प्रयोगवहीतलं वाचल्यासारखं. "या दगडाला समुद्रातले जीव चिकटले होते, देठाच्या शिंपल्यांसारखे. बाहेर काढले की ते मरतात. ते जगावेत म्हणून दगडासकट समुद्राच्या पाण्यात, स्वतःच्या दशम्यांच्या डब्यात ठेवेल असं माणूस त्या बोटीवर एकच होतं. म्हणजे दगड सरांनीच पाण्यातून काढला. आणि तो डबा आला तुमच्या घरी."

उत्तमरावांनी डब्यावरून नजर काढली.

"तुम्ही म्हणालात, सगळ्यांबरोबर पुढे होतो. पण त्याच मिनिटाला काढलेल्या तुमच्या फोटोत पक्ष्याखाली पाण्यावर पांढरी रेघ आहे. बोट पाणी कापत गेल्यावर मागं राहते ती. पुढून ती दिसत नाही, सर. तुम्ही मागं होतात, त्यांच्याजवळ. स्मशानात शेखरच्या हातातून खडा घेऊन तुम्हीच बांधला. एवढं मला कळलं. एक नाही कळलं. ते पडले, की त्यांनी उडी मारली, की आणखी काही?"

अंबूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. पापणीही हलत नव्हती.

उत्तमरावांनी उजवी मूठ उघडली आणि तिच्याकडे पाहत बोलू लागले.

"दगड तरंगत आले, दहा-बारा. शालिग्राम पोरासारखा झाला. म्हणाला, अंबूले दाखवतो. ती म्हणते गोटे सारे सारखेच. न बुडणारा गोटा नेऊन तिच्या बादलीत टाकतो. मागची शिडी पाण्यापर्यंत होती. घसरेल म्हणून त्यानं बूट काढले. मी म्हणालो, नको. तो म्हणाला, पट्टा धर माझा. मी धरला. पहिला काढला त्यानं. त्याला ते जीव चिकटलेले होते. म्हणाला, हा शाळेच्या प्रयोगशाळेला. डब्यात ठेवला आणि डबा माझ्या पिशवीत टाकला. मग वहिनींसाठी दुसरा, स्वच्छ, म्हणून पुन्हा वाकला."

आशाबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

"तेवढ्यात धनेश आला. चार दिवस त्याची वाट पाहिली होती. डोक्यावरून गेला, पंखांचा आवाज झाला, आणि मी..." त्यांनी हात वर नेला, कॅमेरा धरतात तसा. "एक हात पट्ट्यावर, एका हातात कॅमेरा. फोटो हलला असता. मी दुसरा हात लावला. फक्त एक फोटो. खाली पाहिलं तर शिडी रिकामी."

"ओरडले काऊन नाई?" शेखरचा आवाज फाटला.

"तोंड उघडलं होतं, आवाज आला नाही. कितीदा आठवतो, अजून येत नाही. पाय आपोआप पुढे गर्दीत घेऊन गेले. मग बूट सापडले. कोणीतरी म्हणालं, उडी मारली का? आणि मी मान हलवली. डबा माझ्या पिशवीत होता. फेकवला नाही, ठेववला नाही. त्याचा शेवटचा दगड आहे, जीवखडा हाच व्हायला पाहिजे असं वाटलं. बुडाला की संपेल. तरंगतो हे माहीत होतं, पण डब्यात बारा दिवस भिजून तो तळाशी बसला होता. हातात घेतला तेव्हा ओला, जडच लागला. उन्हात तो पुन्हा वाळेल हे सुचलंच नाही."

वावटळ अंगणातून पाचोळा फिरवत गेली.

"मलाही सांगायचंय," छायाताई म्हणाल्या. "असा दगड असतो हे त्यांना मीच सांगितलं होतं. मिळाला तर एक आणा, असंही म्हणाले होते."

अंबूबाईंनी दोघांकडे पाहिलं.

"तुमी सांगतलं. मी बोलली. यायनं हात सोडला. कोनाकोनाले धरू मी?" मग त्या उत्तमरावांकडे वळल्या. "हात सुटते, भाऊजी. मानसाचा सुटते. पन तुमी मान हालवली. बावीस दिवस मी या घरात बसली, माह्या तोंडानं मानूस मारलं म्हनून. अन् तुमी रोज येऊन माह्यासमोर पान्याचा गिलास घेतला."

"वहिनी..."

"तेरवीले सारं गाव येईन. उभं राहून सांगायचं. मंग पोलिसायले लेहून द्यायचं, थे पडले म्हनून. थे माह्यासाठी वाकले होते, हे बी लेहायचं."

उत्तमरावांनी मान हलवली. मग, बहुधा मान हलवणं पुरेसं नाही हे आठवून, "हो," असं मोठ्यानं म्हणाले. खिशातून त्यांनी रुमालात बांधलेलं काहीतरी काढून ओसरीवर ठेवलं. स्मशानातला खरा खडा होता, काळा, त्यांच्या मुठीत राहून राहून घामानं तुकतुकीत झालेला.

६

संध्याकाळच्या आत शेखर, गुलाबराव आणि छायाताई पुन्हा धरणावर गेले. शेखरनं पाठमोरा होऊन काळा खडा टाकला. आवाज झाला, वलयं काठापर्यंत आली आणि पाणी तसंच राहिलं. गुलाबरावांनी बराच वेळ वाट पाहिली. "गेले," ते म्हणाले.

पिशवी घ्यायला छायाताई घरी परतल्या तेव्हा पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता.

अंबूबाई बादलीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी एका बोटानं गोटा तळापर्यंत दाबला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

मग बोट सोडलं. गोटा वर आला.

"हाव," अंबूबाई म्हणाल्या, समोर कोणी बसलं असावं तशा. "पाह्यला. नाई बुडत."